तिसरं पिंप दोनदा

२ जुलै

वन्सं,

आजच्या पोस्टाच्या गाडीने एक खोकं तुमच्याकडे पाठवलं आहे. आत आठ लहान बाटल्या आहेत, सुक्या गवतात बसवलेल्या. एक दिवस सावलीत तशाच ठेवून मग उघडायच्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण हे काम मी पहिल्यांदाच करते आहे, म्हणून सगळं स्वतःला ऐकू जाईल असं बोलत करते.

मामंजींचा नियम इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकला तसा लिहिते. चुकला तर दुरुस्त करा. ज्याने वाइन केली त्याने तिचा निवाडा करायचा नाही. प्रत्येक पिंपातली थोडी थोडी काढून मुलीकडे पाठवायची. बाटलीवर फक्त अक्षर. कुठलं अक्षर कुठल्या पिंपाचं, तो कागद घरीच ठेवायचा. मुलगी चव घेऊन कळवणार, कुठली पिंपं एकत्र करून, म्हणजे मेळ घालून, आपल्या घराच्या बाटलीत घालायची आणि कुठली वेगळी काढून खालच्या दरीतल्या खाणावळींना सुटी विकायची. कळवायचं पत्रानेच, कारण फोनवरचं बोलणं मागे घेता येतं. "माझं नाक लग्न करून समुद्राकाठी गेलं," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुण्यांच्या आधी स्वतः हसायचे. त्यांच्यामागे यांनीही नियम तसाच पाळला. आता मी पाळते.

ही यांनी केलेली शेवटची आठ पिंपं. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

नवी तोडणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होईल. त्याआधी पिंपं रिकामी करून, धुऊन, वाफवून तयार हवीत. म्हणजे मेळ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घालायलाच हवा. तुमच्या पत्राला वेळ आहे, पण फार नाही.

वेली बऱ्या आहेत. जून थंड गेला. उतारावरच्या मळ्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर अजून मणी मिरीएवढेच आहेत. गारांची जाळी आम्ही दोघांनीच चढवली, मी आणि कप्तान. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तरुणपणी चार महिने नावेवर तिकिटं फाडली, तेवढ्यावर हा माणूस तीस वर्षं कप्तान म्हणून तळघरात मिरवतो आहे.

वहिनी


११ जुलै

वहिनी,

खोकं मिळालं, एकही बाटली फुटली नाही. दादापेक्षा तू भरण चांगलं करतेस. तो जुनी वर्तमानपत्रं कोंबायचा आणि मी बाटल्या सोडून बातम्या वाचत बसायचे.

तीन सकाळी चव घेतली. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि ह्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आता नीट वाच आणि तसंच कर.

ख ही या वर्षाची राणी. आधी पिकलेल्या आलुबुखाराचा वास, मागून ओल्या दगडाचा, आणि अगदी शेवटी पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा. दादाला असं पाच-सहा वर्षांतून एकदा जमायचं. ते पिंप सगळंच्या सगळं मेळात घे.

छ काढून टाक. नाकाशी नेताच ओल्या पोत्याचा वास आला. पिंपाचं लाकूड बिघडलं असणार. एक थेंब जरी आत गेला तरी सगळं नासेल.

झ मुकी आहे, तीही वेगळी काढ. बाकीच्या सहा एकत्र कर.

तू स्वतः चव घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. उगाच शंका येतात. वाइन आणि व्हिनेगर यांतला फरक कळायला तुला लग्नानंतर दोन वर्षं लागली होती, आठवतं ना? रागावू नकोस, लाडाने म्हणते आहे. तुझा हात वेलीवर चालतो, तो तिथेच चालू दे.

माझा गुडघा मला जिना उतरू देत नाही, नाहीतर मीच आले असते. या घराशी माझं एवढंच काम उरलं आहे. ते मी नीट करते आहे, हे तुला कळावं म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

तुझी नणंद


२० जुलै

वन्सं,

माझ्याकडून चूक झाली आहे, ती आधी सांगते.

बाटल्या मी दोन दिवसांत भरल्या. सोमवारी डावीकडची चार पिंपं, बुधवारी उजवीकडची चार. मधल्या मंगळवारी कप्तानने दोन पिंपांची सैल झालेली कडी ठोकायला ती दाराशी ओढली. ठोकून झाल्यावर तिसरं सातव्याच्या जागी ठेवलं आणि सातवं तिसऱ्याच्या. खडूचे आकडे ओलीने पुसले गेले होते. मी जागा पाहून भरत गेले, पिंप पाहून नाही.

काल आकडे पुन्हा घालताना कप्तान म्हणाला, "बाई, हे सातवं नाही. हे तिसरं. याच्या बुडाला माझ्या विळ्याचा ओरखडा आहे."

"मग माझ्या सातव्या बाटलीत काय गेलं?"

"तिसरंच. सोमवारी एकदा, बुधवारी एकदा. त्याचं नशीब बघा, दोनदा शहर पाहून आलं."

म्हणजे वन्सं, ख आणि छ एकच आहेत. दोन्ही तिसऱ्या पिंपातल्या. आणि सातवं तुमच्यापर्यंत आलंच नाही.

ख राणी आणि छ ओलं पोतं, असं तुम्ही लिहिलं आहे. माझी चूक मला कळली, तिची मला लाज वाटते. पण त्यापुढचं मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर लिहा. तोवर मी काहीच मिसळत नाही, कारण एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही.

सोबत सातव्याची बाटली पाठवते आहे. ती वरच्या पायरीची द्राक्षं आहेत, पहिलं दव गोठल्यानंतर तोडलेली.

वहिनी


२७ जुलै

वहिनी,

त्यात न कळण्यासारखं काय आहे? एक बाटली पोस्टात उन्हाला लागली असेल. किंवा तू ती नीट धुतली नसशील. किंवा बूच जुनं असेल. दादाने वीस वर्षं बाटल्या पाठवल्या, त्याच्या हातून असा घोळ एकदाही झाला नाही.

आणि तू माझी परीक्षा घेतेस? मी त्या तळघरात रांगत मोठी झाले. बाबा मला पिंपावर बसवून बोट बुडवून चाटायला द्यायचे. तू त्या घरात आलीस तेव्हा काळी द्राक्षं आतूनही काळी असतात असं तुला वाटायचं.

सातव्याची बाटली आली. मुद्दाम उघडली नाही. वरच्या पायरीचं पिंप आपण मेळात कधीच घेत नाही, बाबांपासून. ते आंबट असतं. हे सांगायला बाटली उघडावी लागत नाही.

मी लिहिलं होतं तसं कर. तिसरं कुठल्या अक्षराने धरायचं असं विचारशील, तर ख धर.

नणंद


४ ऑगस्ट

वन्सं,

परीक्षा घेतली नाही. परीक्षा घेणाऱ्याला उत्तर आधी माहीत असतं, मला माहीत नव्हतं.

बाटल्या मी सोड्याने धुतल्या होत्या, बुचं नवी होती. तरी तुमचं म्हणणं खरं असू शकतं म्हणून ख आणि छ यांच्या घरी राहिलेल्या जोड-बाटल्या उघडल्या. यांची सवय होती, प्रत्येक नमुन्याची एक बाटली घरी ठेवायची. तुम्ही नको म्हटलं होतं तरी मी दोन्ही चाखल्या. मला वासाला शब्द सापडत नाहीत, तेवढं शिक्षण नाही. पण दोन्ही एकच आहेत. पोतं नाही, आणि राणीही नाही. साधी, चांगली वाइन आहे.

काळ्या द्राक्षांचं खरं आहे. मी तसं म्हणाले होते आणि टेबलावरची सगळी माणसं हसली होती. त्यानंतर मी त्या टेबलावर वाइनबद्दल तोंड उघडलं नाही. त्याऐवजी मामंजींच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचली. बावीस होती. तुम्हाला हे ठाऊक नसणार, कारण मी कुणाला सांगितलं नाही.

मी तुमच्यावर आरोप करत नाही, वन्सं. फक्त विचारते आहे. तुमची तब्येत बरी आहे ना? फेब्रुवारीत तुम्ही चार दिवस इथे होतात, तेव्हा दूध करपून भांडं काळं झालं आणि तुम्ही शेगडीच्या शेजारीच भाजी निवडत बसला होतात. मी अंगणातून धावत आले. तेव्हा वाटलं, भाऊ गेला आहे, लक्ष ठिकाणावर नाही. परवा भांडी आवरताना ते भांडं हाती आलं आणि मी उगाच उभी राहिले.

उत्तर लवकर लिहा.

वहिनी


२५ ऑगस्ट

वन्सं,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. पोस्टाच्या गाडीचा चालक आता मला पाहूनच लांबून मान हलवतो, म्हणजे मला फाटकापर्यंत चालावं लागू नये.

इथलं सांगते. नऊ तारखेला गारा पडल्या, जाळीने वाचवलं, खालच्या दोन ओळी तेवढ्या फाटल्या. दिवसा ऊन इतकं आहे की मान सोलते, आणि रात्री दोन पांघरुणं लागतात. मणी रंगले. कप्तानला पिंपांची काळजी लागली आहे. रोज विचारतो, "बाई, पत्र?" मी नाही म्हटलं की म्हणतो, "मग यंदाची द्राक्षं बादल्यांत ठेवू."

सातव्या पिंपाबद्दल यांनी काही लिहून ठेवलंय का ते पाहायला मी काल त्यांची तळघरातली वही उघडली. फेब्रुवारीपासून ती खिळ्यालाच होती. छाटणीवरून लवकर परत येऊन खुर्चीत बसले, "दहा मिनिटांनी उठव" म्हणाले, त्या दिवशी सकाळी त्यांनी ती टांगली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता.

वहीत काय आहे ते मी तुमचं पत्र आल्यावरच लिहीन. आधी तुम्ही लिहा. काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं. रागाने लिहिलंत तरी चालेल. दहा सप्टेंबरपर्यंत थांबते.

वहिनी


१ सप्टेंबर

वहिनी,

मला वास येत नाही.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात तो मोठा ताप आला होता, दहा दिवस, आठवत असेल. ताप उतरला तेव्हा साबण आणि कॉफी यांत फरक नव्हता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट पाहा. पाहिले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं. आता कुणी काही सांगत नाही आणि मी विचारत नाही. ह्यांना एकदा गॅस चालू राहिला तेव्हा कळलं. बाकी कुणालाच माहीत नाही. दूध करपलं तेव्हा मला फक्त धूर दिसला, आणि तोही तू ओरडल्यावर.

त्या वर्षी बाटल्या आल्या तेव्हा दादाला कळवणारच होते. कागद पुढे घेतला. मग वाटलं, कळवलं की पुढच्या वर्षी खोकं येणार नाही. मला मूल नाही, ह्यांच्या घरात मी जेवण चांगलं करणारी बाई आहे. वर्षातून एकदा ते खोकं आलं की मी त्या घराचं कुणीतरी असायचे. म्हणून जुनी पत्रं काढली. माझ्या प्रत्येक पत्राची नक्कल मी ठेवलेली आहे. त्यांतली वाक्यं उचलली. आलुबुखार, ओला दगड आणि पेन्सिल ही माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षाची आहेत.

ओलं पोतं कुठून आलं तेही सांगते. सगळ्याच चांगल्या म्हटल्या तर खोटं वाटेल, एखादी तरी वाईट म्हणायला हवी, असा विचार केला. छ वर बोट ठेवलं. दादाच्या शेवटच्या वाइनवर मी चिठ्ठ्या टाकल्या, वहिनी. फार काही नाही, एवढंच केलं.

दादाने माझ्या पत्रांप्रमाणे गेली चार वर्षं मेळ घातले असतील तर ते कसे झाले, हे विचारायची मला हिंमत होत नाही. तू मला बोललीस त्याहून जास्त तुला बोलायचा हक्क आहे. बोल.

नणंद


६ सप्टेंबर

वन्सं,

बोलायचं नाही. वहीत काय आहे ते लिहिते, जसंच्या तसं.

चार वर्षांपूर्वीचं पान: "पत्र आलं. बिघडलेलं पिंप तिने पहिलं लावलं आहे. सर्दी असेल."

त्याच्या पुढच्या वर्षी: "पुन्हा तसंच. सर्दी नाही."

त्याच्याही पुढच्या वर्षी: "विचारणार नाही. तिला कळवलं, तुझ्या पत्राप्रमाणे केलं."

मागच्या वर्षी फक्त एवढंच: "पत्र आलं. अक्षर छान आहे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि ते तुमच्यापासून. तुम्ही सांगितलं असतंत तरी खोकं दरवर्षी येत राहिलं असतं, हे थोडं तरी बरं वाटेल तुम्हाला.

आता दुसरी गोष्ट. प्रत्येक पानावर खाली वेगळ्या पेन्सिलीने लिहिलं आहे. "ही डावी म्हणाली." "ही म्हणाली दुसरी, पहिली झोपलेली आहे." "हिने तोंड वाकडं केलं, पाचवं रद्द." मला आधी कळेना. मग आठवलं. दर वर्षी जुलैपासून ते दुपारच्या जेवणाला माझ्यापुढे दोन पेले ठेवायचे आणि इकडचं-तिकडचं बोलत विचारायचे, "यातलं कुठलं बरं?" मला वाटायचं, जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात. मीही बटाटे सोलता सोलता काहीतरी सांगायचे. त्या उत्तरांवर त्यांनी चार वर्षांचे मेळ घातले. मागच्या सालाच्या बाटलीची दरीतल्या खाणावळवाल्याने मागून मागून दोन खोकी जास्त नेली, तीही त्यातलीच.

मला राग आला, वन्सं. दोन दिवस मी वही उघडी ठेवून तळघरात काम केलं आणि प्रत्येक फेरीला तिच्याकडे पाहून काहीतरी बोलले. एवढं माझ्या जिभेवर विसंबत होतात, तर एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं? माणूस गेला की त्याच्यावर रागावता येत नाही असं मला वाटायचं. येतं, चांगलं येतं. पण उत्तर मिळत नाही, म्हणून थोड्या वेळाने आपणच गप्प होतो.

सातव्या पिंपाबद्दल त्यांनी लिहिलं आहे: "वरची पायरी. वेगळं काढावं." खाली दुसऱ्या पेन्सिलीचं काही नाही. मला विचारायच्या आधीच फेब्रुवारी आला.

दहा तारखेनंतर मेळ मी घालते. तुमच्या पत्राप्रमाणे नाही आणि वहीप्रमाणेही नाही.

वहिनी


१८ सप्टेंबर

वन्सं,

झालं. काय केलं ते सांगते, कारण निवाडा लेखी असावा हा नियम चांगला आहे, तो मी मोडत नाही.

दोन-दोन पेल्यांनीच केलं. मी पाठ करून बसायचे, कप्तान भरून आणायचा. त्याला त्याचं मत विचारलं. म्हणाला, "मला दोन्ही चांगल्या लागतात, बाई. फुकट आहेत ना." मग त्याला नुसतं भरायला सांगितलं. पाच दिवस लागले. सकाळीच बसायचे, जेवणाआधी. वासाला शब्द नव्हतेच, तेव्हा मी फक्त हवं आणि नको एवढंच म्हणत गेले.

तिसरं मेळात गेलं. ते चांगलं आहे.

ज म्हणजे पाचवं. ते तुम्ही मेळात घ्यायला सांगितलं होतं. ओल्या पोत्याचा वास त्यात आहे, तुम्ही लिहिला होता तसाच, फक्त बाटली चुकली. तळाची एक फळी काळी पडली होती. तुमच्या पत्राप्रमाणे केलं असतं तर सगळं गेलं असतं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून ते वाचलं, असंही त्यातून निघतं.

सातव्याने मला तीन दिवस घेतले. एकटं प्यायलं तर दात शिवशिवतात. मामंजी म्हणत होते, कधीच घ्यायचं नाही. यांचंही तेच म्हणणं होतं. तुम्हीही. पण बाकीची सहा त्याच्याशिवाय एकत्र केली की ती गुळगुळीत होतात, पेला खाली ठेवला की विसरून जावं अशी. यांना वर्षानुवर्षं तीच गुळगुळीत आवडायची, हे मला माहीत आहे. सातवं घातलं की माणूस पुन्हा पेल्याकडे पाहतो. मी मोठ्या टाकीच्या शिडीवर उभी होते आणि कप्तान खाली नळी धरून.

"घालू का, बाई? एकदा सोडली की परत येणार नाही."

"ते मला माहीत आहे."

"मोठे मालक असते तर त्यांनी मला हाकललं असतं."

"आणि धाकट्यांनी?"

त्याने विचार केला. "त्यांनी तुमच्याकडे पाहिलं असतं."

मी "सोड" म्हणाले. पिंप रिकामं व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी शिडीवरून उतरले नाही.

एक बाटली टाकीतून थेट भरून पाठवते आहे. त्यावर अक्षर नाही. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

वहिनी


४ ऑक्टोबर

वहिनी,

बाटली काल उघडली. ह्यांना शेजारी बसवलं, या वेळी खिडक्याही बंदच होत्या.

आंबट आहे. मग जरा कडू. मग हिरड्यांना धरून ठेवते आणि पुष्कळ वेळ सोडत नाही. पेला गार होता. एवढंच मला कळलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी चाखलं तेवढंच लिहिलं आहे आणि पत्र केवढंसं झालं बघ.

सातव्याची ती जुनी बाटलीही उघडली, आधी उघडली नव्हती ती. तुझं बरोबर आहे, दात शिवशिवले. ती मी एकटी असताना संपवली.

दादाला माहीत होतं, हे कळल्यावर पहिले काही दिवस मला लाजेने घराबाहेर पडवेना. आता मी त्याची ती चार वर्षांची उत्तरं पुन्हा वाचली. प्रत्येकात शेवटी एकच ओळ आहे, "पुढच्या वर्षीही असंच सविस्तर लिही." तेव्हा वाटायचं, खूश झाला आहे.

गुडघा बरा आहे. फेब्रुवारीत छाटणीला येते, त्याला नाक लागत नाही. बाबांनी मला कात्री कधी धरू दिली नव्हती, तू शिकव. रागावून शिकवलंस तरी चालेल, सूड म्हणून समजेन.

आता एक मागणं आहे. ह्यांना विचारलं कसला वास येतोय, तर म्हणाले, "वाइनचा." या माणसाबरोबर मी एकतीस वर्षं काढली. तेव्हा तूच लिही. तुझ्या वाइनला वास कसा आहे ते मला लिही. शब्द नाहीत असं सांगू नकोस, बावीस पुस्तकं वाचली आहेस.

तुझी नणंद


१९ ऑक्टोबर

वन्सं,

तोडणी परवा संपली. वरची पायरी शेवटी तोडली, सकाळी हातमोजे घालून, कारण घड गोठलेले होते. हात अजून जांभळे आहेत आणि पत्रावर डाग पडले तर ते त्याचेच आहेत.

तुम्ही सांगितलं ते लिहायला मला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दोन दुपारचे कागद शेगडीत गेले. जे राहिलं ते हे.

पेला नाकाशी नेला की आधी काहीच नाही. थांबावं लागतं. मग उकडलेलं बीट सोलताना येतो तसा वास येतो. त्याच्यामागे उन्हात तापलेल्या पत्र्याचा. पेला हातात धरून गरम केला की मिरी, पण कुटलेली नाही, सबंध, डबा उघडल्यावरची. तळाशी चामड्याचा आहे, नव्या बुटांचा नाही, वापरलेल्या पट्ट्याचा. बाटली दुसऱ्या दिवशी राहिली तर पत्रा निघून जातो आणि बीट गोड होतं. आलुबुखार मी पुष्कळ शोधला. तो सापडला नाही. सातव्या पिंपाला स्वतःचा वास फारसा नाहीच, पण ते आहे म्हणून बाकीचे सगळे एकेक करून येतात, एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत.

एक गोष्ट शेगडीत गेलेल्या दोन्ही कागदांवर होती, म्हणून इथेही लिहिते. मला वाटलं होतं, यांनी केलेली शेवटची वाइन आहे, तर त्यात कुठेतरी हे असतील. त्यांचा कोट, किंवा हात, किंवा छाटणीहून आल्यावर त्यांच्याबरोबर घरात यायचं ते काहीतरी. कप्तान जेवायला गेल्यावर मी एकटी तळघरात बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं.

नाहीत. बीट आहे, पत्रा आहे, मिरी आहे, चामडं आहे. ते नाहीत.

पण वाइन चांगली आहे, वन्सं. हे मी कुणाला न विचारता लिहिते आहे.

वहिनी